जुने प्रोसेसर आणि यूएसबी मायक्रोस्कोप: सात-आठ महिने वापरल्यावर

आधी निकाल सांगतो. घ्यायला हरकत नाही, पण डब्यावर ठळक छापलेल्या ‘१००० एक्स’साठी घेऊ नका. प्रोसेसरवरची अक्षरं खरी की बनावट हे तपासायला पन्नास-साठ पट मोठं दिसलं तरी पुरतं. आणि ज्याचं विक्रेते कौतुक करतात तो तोंडाशी असलेला एलईडीचा गोल दिवा मी जवळजवळ कायम बंदच ठेवतो. का, ते पुढे येईल.

माझा छंद जुने प्रोसेसर जमवण्याचा. इंदूरमध्ये माल दोन वाटांनी मिळतो, अटालेवाल्यांकडून, म्हणजे भंगारवाल्यांकडून, आणि ऑनलाइन. अटालेवाला चिपकडे फक्त सोनं म्हणून बघतो. इंटेलचा १९९५ चा पेंटियम प्रो हातात घेतला की “भिया, ये तो सोने वाला है” ऐकावंच लागतं, आणि भावही सोनं गाळणाऱ्याच्या हिशोबाने लागतो. वर काय छापलंय याच्याशी त्याला घेणंदेणं नसल्यामुळे त्याच्याकडे ताजी बनावट सहसा सापडत नाही. सापडते ती जुनी. नव्वदच्या दशकात कमी वेगाच्या पेंटियमवरचा आकडा घासून वरचा आकडा छापायचा धंदा जगभर जोरात होता. असा ‘चढवलेला’ पेंटियम मिळाला तर मी टाकत नाही, वेगळ्या ट्रेमध्ये ठेवतो. त्या काळातली ती लबाडी आता स्वतःच जमवण्याजोगी झाली आहे, असं माझं मत. ऑनलाइन माल मात्र उलटा: चकचकीत, काळाभोर, आणि म्हणूनच संशयास्पद.

मायक्रोस्कोपने पैसे वसूल केले ते प्लास्टिकच्या ४० पिनी चिपांवर. झायलॉग कंपनीचा जुना प्रोसेसर झेड८० घ्या. साधा झेड८० अडीच मेगाहर्ट्झचा, ‘ए’ ४ चा, ‘बी’ ६ चा. एका अक्षराने भाव बदलतो, तेव्हा ते अक्षर बदलणारेही असणारच. २०२४ मध्ये झायलॉगने स्वतंत्र चिप म्हणून मिळणारा झेड८० बंद करत असल्याचं जाहीर केल्यापासून माझी नजर याच चिपांवर जास्त असते. बनावटीची रीत ठरलेली: जुना छाप पॉलिश पेपरने घासायचा, वर काळा लेप द्यायचा, त्यावर नवा छाप. समोरून पडणाऱ्या एलईडीत हे सगळं सपाट आणि सुंदर दिसतं. दिवा बंद करा, मोबाइलचा टॉर्च टेबलाला जवळजवळ टेकवून बाजूने मारा, की एकाच दिशेने गेलेले बारीक ओरखडे लेपाखालून वर येतात. मग पहिल्या पिनेजवळचा गोल खड्डा बघा. मूळ साच्यातला खड्डा स्वच्छ कडेचा आणि गुळगुळीत तळाचा असतो. घासलेल्या चिपेचा उथळ झालेला, लेपाने अर्धा बुजलेला. शेवटी चिप उलटी करून पाठीचा पोत पोटाशी ताडून बघा. पोटाला कोणी सहसा हात लावत नाही.

अ‍ॅसिटोन लावलेली कापसाची काडी सगळेच सांगतात. काडी काळी झाली तर लेप आहे हे खरं, पण अ‍ॅसिटोनने कधी कधी खरी शाईही उतरते. मी आधी आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरतो, तेही कोपऱ्यात, आणि सिरॅमिकच्या चिपांवरच्या शाईला द्रावण लावतच नाही.

सिरॅमिकवर हे यंत्र फारसं कामाला येत नाही. तिथे सराफ्यातून आणलेलं दहा पटीचं भिंग आणि थोडी माहिती जास्त उपयोगी. इंटेलच्या ८०८६ प्रोसेसरवर ‘© ७८’ दिसलं की विकणारा १९७८ ची चिप म्हणून भाव सांगतो. ते साल आराखड्याच्या हक्काचं, उत्पादनाचं नव्हे. शेजारी वर्तुळात ‘एम’ असेल तर वादच मिटला, कारण ते चिन्ह अमेरिकेच्या १९८४ च्या चिप संरक्षण कायद्यानंतरचं. इंटेलच्या लॉट क्रमांकात दुसरा आकडा सालाचा आणि पुढचे दोन आठवड्याचे. तिथे ६१ वा आठवडा दिसला तर भिंगसुद्धा नको. इंटेलच्या ३८६ प्रोसेसरचंही तसंच. १९८७ मध्ये ३२ बिट गुणाकाराची चूक सापडल्यावर तपासून पास झालेल्या चिपांवर दोन सिग्मा (ΣΣ) उमटवले आणि नापासांवर ‘फक्त १६ बिट सॉफ्टवेअरसाठी’ अशा अर्थाची ओळ. दोन्ही प्रकारांना गिऱ्हाईक आहे, त्यामुळे इथे नंतर कोणी लबाडीने उमटवलेलं चिन्ह शोधावं लागतं. ते मूळ अक्षरांच्या खोलीशी आणि रंगाशी जुळतं का, एवढं मायक्रोस्कोप नीट दाखवतो.

पेंटियमसाठी मात्र चिप चालवून बघायला मदरबोर्डच हवा. वर आणि खाली छापलेला ‘एस’ने सुरू होणारा क्रमांक जुळतो का ते आधी बघायचं. सीपीयूआयडीवरून, म्हणजे चिप चालू असताना स्वतःची जी ओळख सांगते त्यावरून, मॉडेल आणि स्टेपिंग (आराखड्याची आवृत्ती) कळतं, कंपनीने ठरवलेला वेग नाही. १९९४ च्या भागाकाराच्या चुकीचा पेंटियम म्हणून कोणी जास्त पैसे मागत असेल तर त्याच पेंटियमवर स्प्रेडशीटमध्ये ४१९५८३५ ला ३१४५७२७ ने भागून पुन्हा ३१४५७२७ नेच गुणा आणि उत्तर ४१९५८३५ मधून वजा करा. शून्याऐवजी २५६ आले तर माल खरा.

आता यंत्राच्या तक्रारी. स्टँड म्हणजे लग्नाच्या मांडवातली प्लास्टिकची खुर्ची: बसलं की डुलतं. फोकसच्या चाकाला हात लागला की चित्र पडद्याबाहेर. सोबतचं सॉफ्टवेअर मी टाकलंच नाही. लॅपटॉपच्या साध्या कॅमेरा अ‍ॅपमध्ये हे वेबकॅमसारखं चालतं आणि फोटोही तिथेच निघतात. चाक शेवटपर्यंत फिरवून मोठं केलं तर नुसता धूसर ठिपका दिसतो. यूएसबीची वायर आखूड आहे, एक्स्टेन्शन लागेल.

इंदूरच्या जेल रोडवरच्या दुकानांत किंवा ऑनलाइन, दीड-दोन हजारांच्या आतलं घ्या आणि उरलेले पैसे धातूच्या स्टँडवर घाला. ज्यांच्याकडे फक्त सिरॅमिक आणि सोनेरी झाकणाच्या चिपा आहेत त्यांना मात्र भिंगच पुरेल.