अ‍ॅथर्टन पठारावरचं वर्षावन सत्र: चार महिन्यांनंतर

ईशान्य ऑस्ट्रेलियात, क्वीन्सलंडच्या अ‍ॅथर्टन पठारावर आम्ही चार महिने केलं तसं, एखाद्या अभ्यास केंद्रात राहून वर्षावन परिसंस्थेचं सत्र करायचं असेल तर फेब्रुवारी ते मे हेच घ्या. ऑगस्टचं सत्र कोरडं आणि अंगाला सुखाचं, पण रोपं लागतात पावसात, आणि या अभ्यासक्रमाचं मोल लागवडीच्या प्लॉटवरच कळतं. अभ्यास तीन महिन्यांच्या वर जातो, म्हणून पर्यटक व्हिसा चालत नाही. विद्यार्थी व्हिसाच लागतो.

पावणेदोन मीटर अंतर धरलं तर हेक्टरी सव्वातीन हजार रोपं बसतात. लावणं सोपं, जगवणं अवघड. वरचं छत मिटेपर्यंत, म्हणजे झाडांचे शेंडे एकमेकांना भिडेपर्यंत, निदान दोन-तीन वर्षं तण काढत राहावं लागतं. एका पावसाळ्यात हयगय झाली की गिनी गवत रोपांच्या डोक्यावर जातं. छत मिटलं की सावलीत गवत आपोआप मरतं. हे पाहायला डोनाघीज कॉरिडॉरमध्ये जा: १९९५ ते १९९८ दरम्यान लावलेला, १.२ किलोमीटर लांब आणि १०० मीटर रुंद पट्टा, लेक बॅरिन तलावाभोवतीचं जंगल गॅडगाराच्या मोठ्या जंगलाला जोडणारा. जमिनीलगत वाकून पाहिलं की कुणीही न लावलेली रोपं दिसतात. त्यांचं बी पाखरांनी आणलेलं. जुन्या जंगलात कॅसोवरीच्या, म्हणजे इथल्या न उडणाऱ्या मोठ्या पक्ष्याच्या, विष्ठेचा ढीग सापडला तर काडीने पसरून पाहा, अख्ख्या बिया मिळतात.

बुंध्याचा व्यास १.३ मीटर उंचीवर घ्यायचा, उतारावर वरच्या बाजूने. फळ्यांसारखी मुळं असतील तर ती संपतात त्याच्या वर. टेप वेलींच्या खालून सरकवा. नेहमीची चूक म्हणजे व्यासाच्या टेपऐवजी (जिच्यावर थेट व्यासच वाचता येतो) साधी टेप वापरून घेरच व्यास म्हणून लिहिणं. आकडा तिपटीहून मोठा होतो. नोंदी पाण्यात टिकणाऱ्या कागदावर, पेन्सिलीनेच.

इथला वेत आपल्या सह्याद्रीतल्या वेताचाच भाऊबंद. त्याचा काटेरी दोरा अंगात अडकला की पुढे ओढू नका, मागे सरका. जळवांना घट्ट विणीचे लांब मोजे पुरतात. गोचीड मात्र लकवा आणणारी असू शकते. चिमटीत धरून चिरडू नका, गोठवणारा स्प्रे मारून जागीच मारा. गिंपी-गिंपी या दाहक झुडपाच्या हृदयाकार, दातेरी पानांवरची लव म्हणजे काचेच्या बारीक सुयाच. लागली तर चोळू नका; केस काढायच्या वॅक्सच्या पट्टीने उपटा. ती पट्टी कायम पिशवीत असावी. वेदना महिनोन्महिने परत येऊ शकते.

आमच्या केंद्राची एकच खरी उणीव: माहितीच्या विश्लेषणाला शेवटचा जेमतेम आठवडा उरतो. आकडेवारीचं आर (R) सॉफ्टवेअर घरूनच शिकून जा, नाहीतर चार महिने मोजलेले बुंधे वहीतच राहतील.