पद्मिनीचं इंजिन बांधलं, त्याला आता बरेच महिने झाले

पावसाळ्याआधी माझ्या प्रीमियर पद्मिनीचं इंजिन उतरवून पूर्ण बांधून घेतलं. बोअरिंग (झिजलेले सिलिंडर कापून जरा मोठे करणं), त्या मापाचे ओव्हरसाइज पिस्टन आणि रिंगा, क्रँक ग्राइंडिंग, नव्या बेअरिंग्ज, व्हॉल्व्ह घासून बसवण्याचं लॅपिंग, सगळं. गाडी तेव्हापासून रोज पुण्यात चालते आहे. एवढ्या वापरानंतर एक गोष्ट ठामपणे सांगतो: या १०८९ सीसीच्या इंजिनाचं पुढचं बरंचसं आयुष्य बांधणीतली स्वच्छता आणि चालू केल्यानंतरचा पहिला तास ठरवतो.

लेथवाल्याकडून ब्लॉक आला तो पेट्रोलने पुसून चकचकीत केलेला. पांढऱ्या फडक्याला ऑईल लावून बोअरमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या आत फिरवलं, तर फडकं काळंकरडं. होनिंगच्या, म्हणजे बोअर दगडाने घासताना पडलेल्या तिरप्या रेघांत दगडाची पूड अडकते आणि पेट्रोलने ती निघत नाही. गरम पाणी, कपडे धुण्याची पावडर आणि ब्रश घेऊन घासत बसलो. फडकं पांढरं निघालं तेव्हाच थांबलो आणि लगेच ऑईलचा हात मारला, कारण उघड्या बिडाला बघता बघता गंज धरतो. ही पूड आत राहिली तर नव्या रिंगा आणि बेअरिंग्ज तीच खाते. प्रत्येक रिंग बोअरमध्ये सरळ बसवून तिच्या दोन टोकांमधली गॅप फिलर गेजच्या पातळ पात्यांनी मोजली. दर इंच बोअरला चार थाऊ (एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) हा जुना हिशेब, म्हणजे ६८ मिलिमीटरला दहा-अकरा थाऊ.

व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमला आणि त्यावर चालणाऱ्या टॅपेटना असेंब्ली पेस्ट लावली, प्लग काढून ऑईल प्रेशरचा दिवा विझेपर्यंत स्टार्टर फिरवला. पद्मिनीचा कॅम ब्लॉकमध्ये असतो आणि त्याच्या लोबना, म्हणजे उंचवट्यांना, क्रँकने उडवलेलं ऑईल मिळतं; आयडलला ते कमी उडतं. म्हणून पहिल्यांदा चालू झाल्यावर आयडलला सोडायचं नाही. वीसेक मिनिटं दोन हजार आरपीएमच्या आसपास ठेवलं, मिस्त्री थ्रॉटलवर, मी पाण्याच्या तापमानाच्या काट्यावर. ऑईल साधं मिनरल, झिंक असलेलं. नव्या रिंगांना सिंथेटिक नको.

मिस्त्री म्हणाले, "साहेब, हजार किलोमीटर चाळीसच्या वर नेऊ नका." माणूस अनुभवी, पण इथे मी त्यांचं ऐकलं नाही. रिंग भिंतीला घट्ट दाबते ती तिच्यामागे शिरणाऱ्या गॅसच्या दाबाने. तो दाब लोडशिवाय येत नाही. नुसतं हळू चालवलं तर बोअरला काचेसारखी झिलई चढते आणि इंजिन कायमचं ऑईल पीत राहतं. मी पुण्याजवळचा दिवे घाट धरला. तिसऱ्या गिअरमध्ये चाळीसवरून साठपर्यंत दमदार खेचायचं, मग पाय सोडून गिअरवरच उतरू द्यायचं. एकच वेग धरून ठेवायचा नाही, खालच्या आरपीएमला गुदमरवायचं नाही आणि फार ताणायचंही नाही.

पहिलं ऑईल लवकरच काढलं. पांढऱ्या डब्यात घेऊन उन्हात धरलं, तर झिजेच्या बारीक धातूकणांनी चंदेरी रंग फिरवल्यासारखं चमकत होतं. दुसऱ्या वेळी ती चमक जवळजवळ गेली होती. इंजिन गार असताना हेडचे नट परत टॉर्क केले, म्हणजे ठरलेल्या जोराने आवळले, आणि टॅपेट तपासले. ॲल्युमिनियम हेडला हे टाळू नका.

आज डिपस्टिकवरची पातळी दोन ऑईल चेंजच्या मध्ये हलत नाही. चारही सिलिंडरांच्या कॉम्प्रेशनमधला फरक दहा टक्क्यांच्या आत आहे. सुरुवातीला पाण्याचा काटा जरा वर राहायचा, तो आता सिग्नललाही जागचा हलत नाही. घाट उतरताना आरशात निळा धूर दिसत नाही, याचा मला मनापासून आनंद आहे. तक्रार एकच: फ्लायव्हीलच्या बाजूने ऑईलचा थेंब येतो. क्लचप्लेट बदलायला गिअरबॉक्स उतरेल तेव्हा ते सील बघणार आहे.