एक टनाची मुरघास बॅग: गोरेगावच्या तबेल्यातला आठ महिन्यांचा वापर

मुरघास म्हणजे हवाबंद करून आंबवलेला हिरवा चारा. त्याची ही बॅग चांगली आहे, पण चार म्हशींसाठी घेऊ नका. चार फूट व्यासाच्या बॅगेतून रोज निदान सहा इंचांचा थर निघायला हवा, नाहीतर मुंबईच्या दमट उकाड्यात उघडं तोंड एक-दोन दिवसांतच तापायला लागतं. नीट दाबलेल्या मुरघासाचा असा थर म्हणजे साधारण 100 किलो. म्हशीमागे 15 किलो धरले तर सहा-सात जनावरं हवीतच. कमी असतील तर 50 किलोच्या बॅगा बऱ्या.

मका दाणे चिकात असताना कापलेला, कुट्टी (बारीक तुकडे) अर्धा ते पाऊण इंच. मूठभर कुट्टी घट्ट दाबून सोडा. पाणी ठिबकलं तर ओली, गोळा लगेच विस्कटला तर वाळकी. गोळा हळूहळू सुटला आणि तळवा नुसता दमट झाला की भरायला घ्या. अर्ध्या फुटाचा थर टाकून तुडवायचा, कडा आधी. मधे पाय आपोआप पडतोच. शेवटी लायनरमधली (आतल्या प्लॅस्टिकच्या पिशवीतली) हवा दाबून काढा, तोंड पिळून उलटं दुमडा, सुतळीने आवळा. मग 45 दिवस हात लावायचा नाही.

आरेकडचं पॅरा गवत नुसतं भरू नका. पाणी जास्त, साखर कमी, त्यात पोकळ दांड्यांत हवा अडकते. पावसाळ्यात सुकवायला ऊनही नसतं. खवट लोण्याचा वास आला की समजा, बिघडलं. मक्यात थोडंसं मिसळलं तर चालतं.

खरं दुखणं घुशींचं. बाहेरची विणलेली बॅग दणकट, पण आतला लायनर पातळ. बोटाएवढं भोक पडलं की आत परातीएवढा काळा, चिकट डाग. बॅग लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब ठेवा, म्हणजे चारही बाजू दिसतात. भोकावर लावलेली पॅकिंगची टेप पावसात सुटते. सायलेजची (मुरघासाची) रुंद टेपच हवी. बुरशी काढताना भोवतालचा चांगला दिसणारा वीतभर भागही फेका, कारण बुरशीचं विष दुधात उतरतं.

बॅग पत्र्याखालीच हवी. उन्हात राहिली की उचलायचे पट्टे ठिसूळ होतात. बाहेरची बॅग दुसऱ्यांदा भरता येते, लायनर मात्र दरवेळी नवा.

म्हशीला मुरघासाची सुरुवात पाच किलोने, आठवड्याभरात वाढवत न्या. आणि धार काढून झाल्यावरच घाला. आधी घातलं तर दुधाला आंबूस वास लागतो आणि गिऱ्हाईक लगेच ओळखतं.