प्लेराइटचा रेकॉर्डर आणि ट्रेस व्ह्यूअर: काही महिने वापरल्यानंतर

अंधेरीतल्या एका ऑफिसात विमा पोर्टलचं टेस्टिंग करतो. टीममधले बरेचजण मॅन्युअल टेस्टिंगमधून आलेले, कोडिंगचा हात नसलेले. म्हणून प्लेराइट, म्हणजे वेबसाइटच्या टेस्ट आपोआप चालवणारं टूल, त्याच्या कोडजेन या रेकॉर्डरपासून सुरुवात केली. ब्राउझर उघडतो, आपण नेहमीसारखा फॉर्म भरायचा, शेजारच्या खिडकीत स्क्रिप्ट उमटत जाते. आमच्यातली जुनी मंडळी सेलेनियम आयडीई या फायरफॉक्समधल्या रेकॉर्डिंगच्या एक्स्टेन्शनवर वाढलेली. 2017 मध्ये फायरफॉक्स 55 आलं आणि ते जुनं एक्स्टेन्शन चालेनासं झालं, तेव्हापासून रेकॉर्डिंग म्हटलं की त्यांच्या कपाळाला आठ्या.

रेकॉर्डिंग झकास होतं, त्यात वाद नाही. पानाच्या कोडमधला पत्ता सांगणाऱ्या सीएसएसच्या लांबलचक माळेऐवजी बटणाचं नाव, फील्डचं लेबल धरून ते एलिमेंट, म्हणजे पानावरचा घटक, शोधतं. आमच्याकडे मात्र पोर्टलला मराठीचा पर्याय आहे. भाषा बदलली की ‘सबमिट’चं ‘सादर करा’ होतं आणि इंग्रजीत रेकॉर्ड केलेली स्क्रिप्ट तिथेच आडवी होते. डेव्हलपरच्या मागे लागून महत्त्वाच्या बटणांना टेस्ट आयडी, म्हणजे भाषा बदलली तरी न बदलणारी ओळखखूण, लावून घेतले, तेव्हा कुठे दोन्ही भाषांत एकच स्क्रिप्ट चालायला लागली.

खरी गंमत प्लेबॅकची. पॉलिसी सुरू होण्याची तारीख निवडायची टेस्ट होती, कॅलेंडरमध्ये 30 वर क्लिक. रेकॉर्ड केलं तो महिना रविवारी सुरू झालेला, त्यामुळे ग्रिडमध्ये 30 एकदाच होता. पुढच्या महिन्यात पहिल्या ओळीत मागच्या महिन्याचा फिकट 30 पण आला. एकाऐवजी दोन एलिमेंट सापडले की प्लेराइट स्ट्रिक्ट मोडची एरर देतं, तशी दिली. टीममधल्या एकाने ‘सापडेल तो पहिला घे’ असं जोडलं आणि टेस्ट हिरवी झाली, म्हणजे पास. सगळे खूश.

रिव्ह्यूला ट्रेस, म्हणजे टेस्ट चालतानाची पायरीपायरीची नोंद, ट्रेस व्ह्यूअरमध्ये उघडला तेव्हा कळलं. वर टाइमलाइनची फिल्म, डावीकडे एकेक ॲक्शन, मधे क्लिकच्या आधीचं आणि नंतरचं पान. क्लिक नेमका कुठे पडला तिथे ठिपका दिसतो, आणि तो ठिपका होता फिकट 30 वर! शेवटी फक्त ‘अर्ज मिळाला’ एवढाच मेसेज तपासला जात होता. म्हणजे टेस्ट तर चुकीची होतीच, पण मागची तारीख घेऊन पोर्टलही मुकाट पुढे जात होतं. तो बग वेगळा नोंदवला, आणि तारीख निवडल्यावर फील्डमध्ये तीच तारीख आहे ना, हे तपासणारं असर्शन लावलं.

यात एक मेख आहे. सेटिंग ‘पहिल्या रीट्रायला ट्रेस’, म्हणजे फेल झालेली टेस्ट पहिल्यांदा पुन्हा चालवतानाच नोंद, अशी असेल तर पहिल्याच फटक्यात पास झालेल्या टेस्टचा ट्रेस बनतच नाही. खोटी हिरवी टेस्ट त्यात सापडणार कशी? म्हणून नवीन रेकॉर्ड केलेली स्क्रिप्ट आम्ही ट्रेस कायम चालू ठेवून पळवतो, आणि ज्याने रेकॉर्ड केली त्याला सोडून दुसऱ्या कुणीतरी पूर्ण बघायची. कंटाळवाणं काम आहे, खोटं कशाला बोलू. पण मॅन्युअलवाले इथे भारी पडतात. त्यांची नजर स्क्रीन वाचायला सरावलेली असते, कोडवाले नुसता लाल-हिरवा रंग बघून चहाला जातात.

क्रोम ब्राउझरच्या डेव्हटूल्समधला (डेव्हलपरसाठीच्या साधनांमधला) रेकॉर्डरही मधे वापरून पाहिला. रीप्लेचा वेग कमी करता येतो, त्यामुळे डेव्हलपरला बग जागेवर दाखवायला उत्तम. रोजच्या रिग्रेशनसाठी, म्हणजे जुनं काही बिघडलं नाही ना हे तपासायला, मात्र आम्ही प्लेराइटवरच राहिलो.

प्लेराइट वापरायला घेणार असाल तर डिस्कची सोय बघा, कायम चालू ठेवलेले ट्रेस भराभर जागा खातात. आणि ट्रेसच्या झिप फाइलमध्ये टाइप केलेली माहिती, नेटवर्कची उत्तरं सगळं असतं. प्लेराइटच्या ट्रेसच्या साइटवर फाइल टाकली तरी ती आपल्याच ब्राउझरमध्ये उघडते, बाहेर जात नाही. व्हॉट्सॲपवर पाठवली तर गेलीच. ग्राहकाचा खरा पॅन नंबर टेस्ट डेटात कधीच वापरू नका.