सीडीसीचं हेल्थ स्कोअरकार्ड: कंपनीवाल्यांसोबत बसून भरल्यानंतर

सीडीसी म्हणजे अमेरिकेची सरकारी आरोग्यसंस्था. कंपनी कर्मचाऱ्यांच्या आरोग्यासाठी काय करते हे तपासणारं तिचं 'वर्कसाइट हेल्थ स्कोअरकार्ड' कर्मचाऱ्यांनी भरायचं नसतं, कंपनीने भरायचं असतं. तुमचं बीपी किती, सिगारेट ओढता का, असले प्रश्न त्यात नाहीत. गेल्या बारा महिन्यांत कंपनीने अमुक केलं का, हो की नाही, एवढंच विचारतात. २०१२ मध्ये आलं तेव्हा १०० प्रश्न होते आणि भर मुख्यतः हृदयविकार नि पक्षाघातावर होता. २०१४ मध्ये ते १२५ झाले आणि २०१९ च्या आवृत्तीत १५४ प्रश्न, १८ विभाग आहेत. झोप आणि थकवा, स्नायू-सांध्यांची दुखणी, दारू व इतर व्यसनं आणि कॅन्सर हे विभाग या शेवटच्या फेरीत आले. प्रत्येक 'हो'ला एक ते तीन गुण मिळतात. ज्या उपायाचा परिणाम मोठा आणि पुरावा भक्कम, त्याला जास्त. सगळं फुकट आहे.

न्यू जर्सीत आमचं ऑफिस छोट्या-मध्यम कंपन्यांना ग्रुप हेल्थ इन्शुरन्स काढून देतं. रिन्यूअलला प्रीमियम वाढला की मालकांचा पहिला प्रश्न असतो, "यावर काही करता येईल का?" त्याला उत्तर म्हणून हे स्कोअरकार्ड क्लायंटकडून भरून घ्यायचं काम माझ्याकडे आलं. गोदामं, एक बेकरी, डेंटल क्लिनिकं, आयटी स्टाफिंगवाले अशी सरमिसळ आहे. भरून घेता घेता त्यांचा अभिप्रायही गोळा करायचा आणि त्यावरून फॉर्मसोबत द्यायची आमची सूचनांची पुरवणी सुधारायची, असं ठरलं. मूळ प्रश्नांना आम्ही हात लावत नाही. ते बदलले तर इतर कंपन्यांशी तुलना करण्यात अर्थ उरत नाही.

अभिप्राय मागायची पहिली पद्धत साफ फुकट गेली. फॉर्म भरून झाल्यावर 'कसा वाटला?' अशी ईमेल पाठवायचो. उत्तरं सगळी एकाच ठशाची: छान आहे, जरा लांब आहे. मग शेजारी बसून भरायला सुरुवात केली. प्रश्न मोठ्याने वाचायचा आणि त्यांना विचारायचं, "यात नेमकं काय विचारलंय, तुमच्या शब्दांत सांगा." खरा माल तिथे निघाला.

एडिसनजवळ मसाल्यांचं पॅकिंग करणारे एक मराठी काका आमचे क्लायंट आहेत. शारीरिक हालचालींच्या विभागात जिने वापरायला सांगणाऱ्या पाट्या लावल्यात का, असा प्रश्न आहे. इमारत एकमजली असेल तर 'नाही' लिहा, अशी सूचना खालीच दिलेली आहे. काका चष्मा कपाळावर सरकवत म्हणाले, "अगं, म्हणजे गुण मिळवायला मी आता वर मजला चढवू का?" हसू आलं, पण मुद्दा बरोबर आहे. न्यू जर्सीतली बहुतेक गोदामं बैठी. जे लागूच होत नाही त्याचेही गुण जातात, आणि मालकाचं मन तिथून पुढच्या प्रश्नांवरून उडतं. आता हा प्रश्न येण्याआधीच मी सांगून टाकते की इथे तुमचा दोष नाही, पुढे चला.

'कमी खर्चात' या शब्दांवर जवळपास प्रत्येक जण अडतो. तंबाखू सोडण्याच्या औषधांना विम्यात फुकट किंवा कमी खर्चात संरक्षण आहे का? कमी म्हणजे किती, हे मालकाला ठाऊक नसतं, आणि एचआरला औषधांच्या यादीतलं फारसं काही माहीत नसतं. उत्तर असतं माझ्याकडे, कारण पॉलिसी आमच्या ऑफिसनेच काढून दिलेली. त्यामुळे विम्याचे प्रश्न आम्ही आधीच भरून पाठवतो. यात एक गोम आहे. पॉलिसी विकणाराच तिला गुण देतोय. म्हणून शेजारी पॉलिसीतलं ते पान जोडायचा नियम केला.

बारा महिन्यांची अटही त्रासाची. फ्लूची लस टोचायचा कॅम्प दर शरद ऋतूत होतो, पण एका बेकरीत तो एका वर्षी लवकर झाला, पुढच्या वर्षी लांबला आणि फॉर्म नेमका मधल्या काळात भरला गेला. कॅम्प दरवर्षी होतो, तरी कागदावर 'नाही'. मालकीणबाई चिडल्या, आणि मला त्यांचं पटलं.

पण या सगळ्याहून मोठी गोष्ट वेगळीच निघाली. हे स्कोअरकार्ड तयार होत असताना त्याची चाचणी ९३ ठिकाणी झाली होती. प्रत्येक ठिकाणच्या दोन माणसांकडून भरून घेतलं आणि उत्तरं किती जुळतात ते पाहिलं. सरासरी ७७ टक्के जुळली. म्हणजे एकाच कंपनीतल्या दोघांचं चारातल्या जवळपास एका प्रश्नावर एकमत नाही. २०१३ मध्ये हे छापून आलं. मुलाखती आणि प्रत्यक्ष भेटींतून जे खटकलं त्यावरून प्रश्नही सुधारले. प्रत्यक्षात मात्र प्रत्येक कंपनीत फॉर्म भरतं एकच माणूस, बहुतेक वेळा एचआर.

आम्ही दुसरा माणूस घ्यायला लागलो, तोही शक्यतो रात्रपाळीचा. एका गोदामात स्तनदा मातांना दूध काढण्यासाठी स्वच्छतागृहाव्यतिरिक्त खाजगी जागा आहे का, या प्रश्नावर एचआरने 'हो' लिहिलं. खोली खरंच आहे. खुर्ची, फ्रिज, दाराला आतून कडी, सगळं व्यवस्थित. रात्रपाळीच्या सुपरवायझरने लिहिलं 'नाही'. खोलीची किल्ली एचआरच्या ड्रॉवरमध्ये आणि एचआर पाचला घरी जातं. अशी जागा देणं २०१० पासून अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात आहे आणि २०२२ च्या पंप कायद्याने ती आणखी कर्मचाऱ्यांना लागू झाली. तेव्हा हा विषय गुणांपुरता राहिला नव्हता. आठवड्याभरात दाराला आकड्यांचं कुलूप बसलं. स्कोअर तेवढाच राहिला, कारण अधिकृत फॉर्मवर आधीही 'हो'च होतं.

तेव्हापासून मला एकूण गुणांपेक्षा न जुळलेल्या उत्तरांची यादी जास्त कामाची वाटते. पहिल्या बैठकीत मी इतर कंपन्यांशी तुलनेचा तक्ता दाखवतच नाही. दाखवला की चर्चा गुण वाढवण्याकडे वळते, आणि गुण वाढवायचा सोपा मार्ग म्हणजे पोस्टर. ब्लडप्रेशरचं पोस्टर लावलं की एखादा गुण पदरात. स्वतः मोजायला बीपीचं यंत्र ठेवायचं म्हटलं की "बघू, पुढच्या बजेटमध्ये."

एका अडचणीवर अजून उत्तर नाही. इथल्या गोदामांत बरेच लोक माणसं पुरवणाऱ्या एजन्सीमार्फत येतात. त्यांना 'आपले कर्मचारी' धरायचं की नाही, यावर प्रत्येक मालकाचं उत्तर वेगळं असतं. विमा त्या एजन्सीचा, मग सोयी कोणाच्या? एकाने त्यांना धरून भरलं, शेजारच्याने वगळून, आणि दोघांचे गुण एकाच तक्त्यात शेजारी आले. पुरवणीत आम्ही 'त्या जागेत काम करणारे सगळे' असं लिहिलंय. निम्म्या मालकांना ते पटत नाही.

वापरावं का? पन्नासच्या वर माणसं असतील तर जरूर. दहा-बारा जणांच्या दवाखान्याला १५४ प्रश्न म्हणजे शिक्षा आहे, त्यांनी दोन-तीन विभाग निवडून घ्यावेत. एका बैठकीत संपवायचा हट्ट नको. रक्तदाब, झोप आणि कामाच्या जागेची सुरक्षितता यांपासून सुरुवात केली की लोक बोलते होतात.

पुढच्या फेरीसाठी क्लायंटना पाठवलेल्या पत्रात एक ओळ वाढवली आहे: दुसऱ्या माणसाने फॉर्म कामाच्या वेळेत भरायचा आणि तेवढ्या वेळाचा पगार कापायचा नाही. गेल्या खेपेला दोन सुपरवायझरांनी तो जेवणाच्या सुट्टीत भरला होता, आणि त्यांची शेवटची चाळीसेक उत्तरं सरसकट 'हो' होती.