लिबसीएसटी, आठ महिन्यांनंतर: सगळं एका कमेंटपायी

लिबसीएसटी म्हणजे कमेंट आणि स्पेस जपून पायथनचा कोड बदलू देणारी लायब्ररी. तिच्याआधी आमची कोड बदलणारी जुनी स्क्रिप्ट पायथनसोबतच येणाऱ्या लिब-टू-टू-थ्री मॉड्यूलवर चालायची. पायथन ३.१३ टाकलं आणि ती पहिल्याच इम्पोर्टला कोसळली, कारण या आवृत्तीत ते मॉड्यूलच काढून टाकलंय. दोष आमचाच. इशारे केव्हाचे येत होते, आम्ही ते म्यूट केले होते.

काम किरकोळ होतं. व्याज काढणाऱ्या एका फंक्शनचं नाव बदलायचं आणि प्रत्येक कॉलला राउंडिंगचं एक आर्ग्युमेंट जोडायचं. म्हटलं, नवी लायब्ररी कशाला? पायथनच्या घरचं एएसटी आहे, कोडची झाडासारखी रचना, म्हणजे ट्री, करून देणारं मॉड्यूल. ३.९पासून त्यात ट्रीचा परत कोड करणारं अनपार्सही आहे. अर्ध्या तासात स्क्रिप्ट झाली, टेस्ट सगळ्या हिरव्या. मग डिफ उघडला, म्हणजे जुन्या-नव्या कोडची ओळीओळीची तुलना.

कमेंट साफ. रिकाम्या ओळी साफ. लाख नीट वाचता यावा म्हणून कुणीतरी हौसेनं १_००_००० लिहिलं होतं, त्याचं सपाट १००००० झालं. आणि एक ओळ गेली: 'हे बदलू नका, मार्चअखेरीला फरक येतो'. लिहिणारे काका निवृत्त झालेत. तो फरक कसला, हे सांगणारी ऑफिसात तेवढी एकच ओळ होती. एएसटीला बोल लावण्यात अर्थ नाही, त्या ट्रीमध्ये कमेंटला जागाच नसते. पण माझा पारा चढला तो चढलाच.

मग ट्री-सिटर, कोडची ट्री करणारं दुसरं साधन. वेगवान आहे, अर्धवट मोडलेला कोडही पचवतो. पण कापाकापी आपणच करायची, आणि जागा मिळते बाइट्समध्ये. देवनागरीचं एकेक चिन्ह यूटीएफ-८मध्ये तीन बाइट्स खातं. मी स्ट्रिंगवरच कात्री चालवली आणि 'खातेदार' असलेल्या ओळीत कंस भलतीकडे पडला. (एएसटीचा कॉलमही बाइट्समध्येच मोजतात, हे तेव्हा कळलं.)

शेवटी लिबसीएसटी, इन्स्टाग्रामवाल्यांची. पहिल्या महिन्यात मी दोनच तारे दिले असते. साधं एका ओळीचं असाइनमेंट प्रिंट केलं तर पानभर मजकूर, बरोबरच्या चिन्हाच्या दोन्ही बाजूंची स्पेससुद्धा वेगळा नोड, म्हणजे ट्रीतला वेगळा तुकडा! मोठ्या फाइलींवर मेटाडेटा (नोड कुठल्या ओळीत आहे वगैरे माहिती) मागितला की चहा पिऊन यावं. आणि लीव्ह-कॉलमध्ये, म्हणजे प्रत्येक कॉलच्या आतलं सगळं पाहून झाल्यावर चालणाऱ्या फंक्शनमध्ये, येणारे ते दोन नोड, ओरिजिनल आणि आतले बदल झालेला अपडेटेड. मी ओरिजिनल बदलून परत देत होतो, त्यामुळे कॉलच्या पोटातला कॉल जुनाच राहायचा. एरर नाही, काही नाही. दोन संध्याकाळी त्यात गेल्या. मेटाडेटा मात्र ओरिजिनललाच विचारायचा, अपडेटेडला विचारला की की-एरर. हे डॉक्युमेंटेशनच्या पहिल्या पानावर ठळक छापायला हवं.

मत पालटलं ते पार्स-एक्सप्रेशनमुळे. नोड हातानं रचत बसायची गरजच नव्हती, हवा तो तुकडा मजकूर म्हणून द्यायचा आणि नोड घ्यायचा. हव्या त्या नमुन्याचे नोड ओळखणारे मॅचर वापरायला लागल्यावर माझा कोड निम्म्यावर आला. आता डिफमध्ये बदललेल्याच ओळी दिसतात.

एएसटी सोडलेलं नाही. कोण कुठे काय कॉल करतं एवढंच मोजायचं असेल तर तेच बरं, इन्स्टॉल करायला नको. नवी फाइल तयार करायची असेल तर सरळ मजकूर जोडतो आणि ब्लॅक या कोड नीटनेटका मांडणाऱ्या साधनातून काढतो, तिथे लिबसीएसटी म्हणजे उगाच खर्च.

चार तारे. पाचवा त्या दोन संध्याकाळींचा कापला. काकांची ओळ जागेवर आहे, आणि त्या फाइलीला यंदाच्या मार्चपर्यंत मी हात लावणार नाही.