उद्यमनगरातलं सेफ्टीच्या सामानाचं दुकान: आधी काम विचारतात, मग बूट दाखवतात

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत आमचं फेटलिंगचं, म्हणजे ओतीव माल साफ करून द्यायचं, जॉबवर्क आहे. फौंड्रीतून, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यातून, कास्टिंग (ओतीव भाग) येतं. रनर-रायझर (ओतताना चिकटून राहिलेले जादा दांडे) तोडायचे, बर्र म्हणजे कडेची धार काढायची, ग्राइंडिंग आणि शॉट ब्लास्टिंग (छर्रे मारून सफाई) करून माल परत पाठवायचा. माणसं पंधरा-सोळा. हिशेब, स्टोअर आणि माणसांचं सगळं मी बघते, शेडवर सगळे मला वहिनी म्हणतात. सेफ्टीचं सामान आम्ही बरीच वर्षं उद्यमनगरातल्या एकाच दुकानातून घेतोय. पार्वती टॉकीजकडून आत शिरलं की बेअरिंग, बेल्ट आणि नटबोल्टच्या दुकानांच्या ओळीत हे दुकान लागतं. बोर्ड लहान आहे, पण दारात पिवळी हेल्मेट आणि गमबूट टांगलेले असतात.

दुकान काका आणि त्यांचा मुलगा चालवतात. काका सेफ्टी शूज मागणाऱ्याला आधी "काम काय आहे?" असं विचारतात. नंबर आणि नग नंतर. मला हे दुकान आवडायचं मूळ कारण हेच.

एकदा माझ्यासमोरच एका लहान फौंड्रीचे मालक आले आणि बारा जोड्या बूट मागितले. काकांनी विचारलं, "मशिनवर घालणार का भट्टीवर?" भट्टीवर म्हटल्याबरोबर त्यांनी काउंटरवर काढलेले लेसचे बूट परत खोक्यात घातले. ओतकाम करणाऱ्याला लेसचा बूट चालत नाही. लॅडलमधून, म्हणजे ओतायच्या भांड्यातून, चौदाशे अंशाच्या आसपासचं मेटल उडालं आणि बुटाच्या जिभेपाशी, लेसमध्ये अडकलं, तर गाठ सोडेपर्यंत पाय भाजून निघतो. तिथं बिनलेसचा, एका झटक्यात पायातून निघणारा बूट लागतो, त्यावर चामड्याचे लेगगार्ड, आणि पँट बुटाच्या आत न खोचता बाहेरून सोडलेली. पँटसुद्धा सुती पाहिजे. टेरिकॉट वितळून कातडीला चिकटतं. काकांनी हे सगळं त्या मालकांना बूट हातात धरून दाखवलं. त्या दिवशी त्यांच्याकडे भट्टीचे बूट सहाच जोड्या होते. सहाच दिले, उरलेल्यांसाठी चार दिवस थांबायला सांगितलं. लेसचे बारा जोड हातोहात खपत होते, तरी दिले नाहीत.

आमच्या कामाला पुढं पोलादी टोपी असलेला साधा बूट चालतो. त्यावर आयएस १५२९८ चा शिक्का आणि आयएसआय मार्क बघूनच घ्यावा. या टोपीची चाचणी २०० जूलची असते, म्हणजे साधारण वीस किलोचं वजन मीटरभर उंचीवरून बोटांवर पडण्याइतका तडाखा. आमच्याकडे पंचवीस-तीस किलोचं हाउसिंग (मशिनचं ओतीव कवच) टेबलावरून घसरणं ही रोजची शक्यता आहे, त्यामुळे या आकड्याला माझ्या लेखी फार किंमत आहे. शिक्का नसलेला, दिसायला हुबेहूब तसाच बूट बाजारात जवळपास निम्म्या किमतीत मिळतो. काका तो ठेवत नाहीत.

पण बूट विकत घेतला म्हणजे तो पायात राहतो असं नाही. आमचा एक जुना ग्राइंडर बूट काढून चपलेवर काम करायचा. विचारलं तर म्हणाला, "वैनी, ह्यो घालून चालाय येत न्हाई बगा, करंगळी चेचतीया." त्याचा पाय पुढून रुंद. काकांना सांगितलं तर म्हणाले, "ताई, नंबरांची यादी पाठवू नका, माणसं पाठवा. आणि संध्याकाळी पाठवा, दिवसभर उभं राहून पाय सुजलेला असतो, तेव्हाचं माप खरं." आता आम्ही शिफ्ट सुटली की टेम्पोतून चौघा-चौघांना पाठवतो. बिहारच्या पोरांना काकांचा मुलगा हिंदीतून समजावतो, मोजे घालून चार पावलं चालायला लावतो. आठवडाभरात बूट टोचला तर बदलून देतात, फक्त तळ घासलेला नको. चपलेचा विषय आमच्या शेडवर संपला.

ग्राइंडिंगच्या डिस्कही तिथंच मिळतात, आणि या बाबतीत मला तिथं जे कळलं ते प्रत्येक शेडवाल्यानं डोळ्यांनी बघावं. डिस्कच्या मधोमध जी पत्र्याची रिंग असते तिच्यावर बारीक अक्षरात महिना आणि वर्ष छापलेलं असतं. ती तिची मुदत. रेझिनची डिस्क बनल्यापासून साधारण तीन वर्षं चांगली, पुढं तिची पकड कमी होते, आणि ओलीत ठेवली तर त्याआधीच. मुलानं भिंगासारखी मोबाईलची टॉर्च धरून मला ती तारीख वाचून दाखवली. दुसरा आकडा आरपीएमचा, म्हणजे मिनिटाला किती फेरे ते. सात इंची डिस्कवर जास्तीत जास्त ८५०० लिहिलेलं असतं, आणि चार इंची ग्राइंडर ११,००० च्या आसपास फिरतो. तरीही गार्ड काढून लहान ग्राइंडरला मोठी डिस्क लावायची सवय आपल्याकडे सर्रास आहे, काम लवकर उरकतं म्हणून. तशी डिस्क फुटली तर तिचा तुकडा गॉगल, हेल्मेट काही बघत नाही. काका "चार इंचीला सात इंची बसेल का" असं विचारणाऱ्याला डिस्क देत नाहीत. मी स्वतः ऐकलंय, दोनदा नाही म्हणाले आणि तिसऱ्यांदा गिऱ्हाइकाला हात जोडले.

आता मास्क. आमच्या धंद्यात हाच खरा विषय आहे आणि याच्याकडेच सगळ्यात कमी लक्ष जातं. कास्टिंगला चिकटलेली वाळू ग्राइंडिंगमध्ये उडते, तिच्यात सिलिका असते. डोळ्याला दिसते ती जाड धूळ नाकातच अडकते, न दिसणारी बारीक धूळ थेट फुफ्फुसात जाऊन बसते. त्यातून होणारा सिलिकोसिस बरा होत नाही, आणि कळतो तोवर बऱ्याचदा वर्षं निघून गेलेली असतात. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत, म्हणजे सरकारला कळवावेच लागणाऱ्या आजारांच्या यादीत, त्याचं नाव होतं, आणि त्या कायद्याच्या जागी आलेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही आहे. तोंडाला टॉवेल गुंडाळून किंवा हिरवा कापडी मास्क लावून ही धूळ थांबत नाही. काका आयएस ९४७३ चा एफएफपी२ मास्क (बारीक धूळ गाळणारा) देतात, आणि देताना नाकावरची पट्टी दाबून, दोन्ही पट्टे डोक्यामागं घेऊन कसा लावायचा ते दाखवतात. दाढी असेल तर कडेनं हवा शिरते, हेही सांगतात. आमच्या दोघांनी यावरून दाढ्या काढल्या.

यापुढं काका जे बोलले ते दुकानदाराच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं. "ताई, मास्क विकणं माझा धंदा आहे, पण आधी सक्शन बघा. धूळ उठली तिथंच ओढून घेतली तर मास्कवर भार येत नाही." आणि त्यांनी डक्टिंगचं (धूळ ओढून नेणाऱ्या पत्र्याच्या नळ्यांचं) काम करणाऱ्या एका फॅब्रिकेटरचा नंबर दिला. त्यात त्यांचा एक रुपयाचा फायदा नव्हता. आम्ही पेडेस्टल (उभ्या स्टँडवरच्या) ग्राइंडरच्या मागं धूळ ओढणारं हूड बसवून घेतलं, आणि शिफ्ट संपताना एअर मारून कपडे आणि टेबल झटकायचं बंद केलं. त्या हवेनं बसलेली धूळ परत सगळ्यांच्या नाकात जाते. आता झाडलोट व्हॅक्यूमनं. पूर्वी संध्याकाळी माझ्या टेबलावर बोटानं नाव लिहिता यायचं. आता नाही येत.

खर्चाबद्दल स्पष्ट लिहिते, कारण दुकानात कोण काय बोलतं ते कानावर पडतं. काही मालक बिल घेतात आणि बुटाचे पैसे कामगाराच्या पगारातून दोन हप्त्यांत कापतात. हे कायद्यात बसत नाही. जुन्या कारखाने कायद्याचं कलम ११४ सांगायचं की कायद्यानं जी साधनं मालकानं पुरवायची, त्यांचे पैसे कामगाराकडून घ्यायचे नाहीत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही हेच आहे, वैद्यकीय तपासणीच्या खर्चासकट. माणूस कॉन्ट्रॅक्टरचा आहे ही सबब जुन्या कायद्यातही चालत नव्हती, कामगाराच्या व्याख्येत कॉन्ट्रॅक्टरमार्फत आलेला माणूसही येतोच. नव्या संहितेत पॉवरवर चालणाऱ्या कारखान्यासाठी वीस माणसांचा आकडा आला, म्हणून आमच्याएवढ्या शेडवाल्यांना आपण सुटलो असं वाटतंय. तसं नाही. दहा माणसं असली की आस्थापना म्हणून संहिता लागू होते आणि मालकाची कर्तव्यं अंगावर येतातच. आणि हिशेबच करायचा तर आमच्याकडे बूट, गॉगल, मास्क, इअरप्लग धरून एका माणसामागं वर्षाला जेवढा खर्च येतो, तेवढे पैसे एका रिजेक्ट लॉटमध्ये जातात. म्हादबा मेस्त्री आणि वाय. पी. पोवार या इथल्या कारखानदारीच्या जुन्या जाणत्यांच्या काळापासून कोल्हापूरचं नाव इथल्या मेस्त्रींच्या हातावर झालंय. तो हात, ते डोळे सांभाळायचा खर्च मालकानंच करायचा.

दुकानाच्या कमतरताही आहेत. आमच्याकडे इन्स्पेक्शनला तीन बायका आहेत. त्यांच्या मापाचे, चार-पाच नंबरचे सेफ्टी शूज शिल्लक कधीच नसतात, मागवावे लागतात आणि महिना जातो. हातमोज्यांचंही तेच. पुरुषी मापाचे मोजे बायकांच्या बोटांच्या पुढं लोंबतात, पकड सुटते. एवढ्या वर्षांत हे सुधारायला हवं होतं. काकांना मी दर वेळी सांगते, ते दर वेळी वहीत लिहून घेतात. दुसरं, दुकानात फक्त नवीन कामावर लागलेला पोरगा असेल तर मागाल ते मिळतं, कोणी काही विचारत नाही. ड्रिलवर काम करणाऱ्यासाठी त्यानं आमच्या माणसाला हातमोजे बांधून दिले होते. फिरत्या ड्रिलवर हातमोजे घालायचेच नसतात, मोजा गुंडाळला की हात ओढला जातो. मी ते परत पाठवले, काकांनी पैसे परत केले आणि त्या पोराला माझ्यासमोर समजावून सांगितलं, पण ही गोष्ट आधी व्हायला पाहिजे होती. गाडी लावायला जागा नाही, ते उद्यमनगरात कुठंच नाही.

दर बाजारापेक्षा थोडे जास्त वाटतील. चांगला शिक्क्याचा बूट हजाराच्या आसपास पडतो, पन्नास जोड्यांच्या वर घेतले तर कमी करतात. उधारी ओळखीच्यांनाच, तीही महिनाभर. जीएसटीचं बिल न मागता देतात.

माझ्याकडून पाचपैकी चार. एक बायकांच्या बुटांसाठी राखून ठेवलाय, ते आले की देईन. जाणार असाल तर साडेपाचनंतर जा, काका तेव्हा काउंटरवर असतात. सोबत ज्याला सामान वापरायचंय त्याला न्या. आणि मास्क, हेल्मेट घेताना टेस्ट सर्टिफिकेटची झेरॉक्स मागून घ्या. त्यांच्याकडे फाइल आहे, पण मागितल्याशिवाय देत नाहीत.